दीड वाराची नऊवारी

१९९१ च्या उन्हाळ्यात मुंबईची आत्या सांगलीला आली ती दोन खोकी घेऊन. गुलाबी खोक्यात माझ्यासाठी साडीतली बार्बी आणि दुसऱ्यात धाकट्या भावासाठी ही-मॅन, टीव्हीवरच्या मालिकेतला तलवारवाला पहिलवान. बार्बीच्या खोक्याला पुढून पारदर्शक कागद होता आणि आत तिला हातापायांना बारीक तारा बांधून उभी केलेली. कपाळावर टिकली, अंगावर जरीची साडी, केस काळेभोर. चेहरा मात्र तिकडचाच. गल्लीतल्या मुली दुपारभर आमच्या ओसरीवर येऊन तिला बघून गेल्या. हात लावायचा तर आधी साबणाने धुऊन या, असा नियम मी केला होता.

आजीने चष्मा लावला, बाहुली उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "पोर देखणी आहे. पण हे काय नेसलीय?"

ती साडी नव्हतीच. निऱ्या शिवून टाकलेल्या, पदर खांद्याशी टाचलेला, मागे टिचबटण. साडीचं सोंग घेतलेला झगा, असा आजीचा निकाल. तिसऱ्या दिवशी बार्बीची एक उंच टाचेची चप्पल केरात गेली आणि खरा घोळ उघडा पडला. चप्पल असताना ती निदान भिंतीला टेकून उभी राहायची, आता तेही जमेना. तिचे पाय कायमचे चवड्यांवर उचललेले. टेकवून ठेवली की घसरायची आणि पाय ताठ पसरून बसकण मारायची.

"हिची टाच भुईला टेकतच नाही," आजी म्हणाली. "ही पाणी कशी भरणार?"

आजीच्या आयुष्यातली सगळी माणसं पाणी भरणारी आणि न भरणारी अशी विभागलेली होती, त्यामुळे हा प्रश्न तिने अगदी गंभीरपणे विचारला होता.

तोवर आमच्याकडची बाहुली म्हणजे ठकी. सावंतवाडीच्या चितारआळीतून कुणीतरी कधीतरी आणलेली, लाकडाची, हातपाय धडालाच चिकटलेले. लुगडं, चोळी, बांगड्या, नथ, सगळं रंगाने काढलेलं. तिचे कपडे बदलता येत नाहीत, केस विंचरता येत नाहीत. एखादी मुलगी साधी, गबाळी दिसली की तिला 'ठकी' म्हणून चिडवायचे, यावरूनच ठकीची पत कळते. पण ती खाली रुंद होती. देवळीत ठेवा, चुलीपाशी ठेवा, पाटावर ठेवा, ठकी उभी. लहान भाचरांनी आपटून आपटून तिचं नाक गेलं होतं, तरी उभी.

आजीने मनावर घेतलं. टाचेचं काही करता येणार नाही, पण पोरीला धड नेसवू तरी, असं म्हणून तिने ट्रंकेतलं जुनं इरकल काढलं. मी बार्बी तिच्या पायाशी धरली, आजीने वीत लावून अंदाज घेतला. बाई साधारण सहापट मोठी, म्हणजे नऊ वारांचं दीड वार, रुंदी टीचभर. गणित चोख होतं. कात्री लावली, काठ राखला, आणि मग तासभर आम्ही दोघी त्या बाहुलीशी झटलो.

नऊवारीला कमरेची गाठ हवी. प्लॅस्टिकवरून ती सटकायची. कशीबशी सुतळीने आवळली, तर निऱ्यांचा असा गठ्ठा झाला की बार्बी चार महिन्यांची गरोदर दिसायला लागली. माणूस सहापट लहान करता येतो, सुताची जाडी नाही. पुढे कुठेतरी वाचलं की बार्बीची कंबर इतकी चिमूटभर का, याचं एक स्पष्टीकरण हेच दिलं जातं: कापडाचे थर चढल्यावर ती जाड दिसू नये. म्हणजे कपडे अंगाच्या मापाने नाही, अंगच कपड्यांच्या मापाने बेतलेलं. आजीला ते त्या दुपारी इरकलाच्या तुकड्यावरून कळलं होतं, फक्त तिने ते "हिला कुणी जेवायला घालत नाही वाटतं" अशा शब्दांत सांगितलं.

ती फार चुकली नव्हती. १९६५ साली अमेरिकेत झोपायच्या कपड्यांतली एक बार्बी निघाली होती. तिच्यासोबत वजनकाटा यायचा, त्यावर काटा कायमचा ११० पौंडांवर, म्हणजे पन्नास किलोंवर. आणि वजन कसं कमी करावं याचं एवढंसं पुस्तक, ज्यात सल्ला एकच: खाऊ नका. आमच्याकडे भातुकलीत बाहुलीला पहिला घास भरवल्याशिवाय कुणी जेवत नसे. त्याच १९६५ साली बार्बी अंतराळवीरही झाली, माणूस चंद्रावर उतरायच्या चार वर्षं आधी. एकाच वर्षात एकीला चंद्र दाखवायचा आणि दुसरीला उपाशी ठेवायचं, हा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही.

तिचं कुळ बघितलं तर ती आणखीच चक्रावून टाकते. 'बिल्ड' नावाच्या जर्मन वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत लिली नावाची एक फटाकडी बाई होती. तिची बाहुली निघाली, ती तंबाखूच्या दुकानांत मिळायची आणि घ्यायचे पुरुष, थट्टेने एकमेकांना द्यायला. रूथ हँडलर या अमेरिकन बाईंना ती स्वित्झर्लंडमध्ये दिसली. त्यांची मुलगी बार्बरा कागदी बाहुल्यांशी खेळताना त्यांना मोठ्या बायका करायची, नोकरीवर पाठवायची, फिरायला न्यायची. बाजारात मात्र तान्ह्या बाळांच्या बाहुल्यांचीच चलती, म्हणजे मुलीने आई होऊनच खेळायचं. हँडलरबाईंनी मुलींना मोठी बाई दिली. ९ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत ती आली, साडेअकरा इंच उंच, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या पोहण्याच्या कपड्यात. पुरुषांच्या थट्टेतून उचललेली बाहुली मुलींच्या हाती स्वप्न म्हणून गेली. मला यात हँडलरबाईंचा धूर्तपणाही दिसतो आणि मायाही, आणि दोन्ही वेगळं काढता येत नाही.

आमच्याकडे मात्र तिला कुणी नोकरीवर पाठवलं नाही. जरीची साडी बघताच गल्लीने एकमुखाने ठरवलं: लग्न.

बाहुला-बाहुलीचं लग्न आमच्याकडे दर मे महिन्यात व्हायचं. ठकीचं पाच वेळा लागलं होतं, एकदा तर पेपरवेटशी. या वेळी नवरा आयता होता. ही-मॅन तेव्हा दूरदर्शनवर गाजलेला, भावाने त्याला उशाशी घेऊन झोपायला सुरुवात केली होती, आणि हो म्हणायला त्याने भडंगाची आख्खी पुडी मागितली. लग्नघरात अडचण आली ती अंतरपाटाला. आजीचा रुमाल धरला, तर बार्बीची मान, खांदे, अर्धं धड वरून दिसतंय आणि पलीकडे नवरदेवाचा पत्ताच नाही. ही-मॅन जेमतेम साडेपाच इंच. रुमाल खाली घ्यावा तर नवरी उघडीच. शेवटी त्याला आजोबांच्या ज्ञानेश्वरीवर उभा केला, मग आजोबा ओरडले म्हणून टेलिफोन डिरेक्टरीवर. बार्बी डगमगत होती, तिला मागून मी धरलेली. तो मात्र कुठेही ठेवा, घट्ट. गुडघ्यांत वाकलेला, पाय फाकवून, आखाड्यात उतरल्यासारखा.

आजी ओसरीवरून हे बघत होती. मंगलाष्टकं संपली, तांदूळ पडले, आणि तिने शांतपणे सांगितलं, "नऊवारी ह्याला नेसवा. ह्याला बसेल."

आणि बसली! कंबर पिळदार, पण कंबर होती. पाय फाकलेले असल्यामुळे कासोटा असा काही चापून बसला की आजीने स्वतःच स्वतःला शाबासकी दिली. ओचा खोचला, पदर दंडावरून घेतला. छाताडावर चिलखत, खाली इरकल, हातात तलवार. नऊवारी हे काम करणाऱ्या, ओणवं होणाऱ्या, विहीर उपसणाऱ्या अंगासाठीचं नेसणं आहे, हे मला त्या बाहुल्याकडे बघून पहिल्यांदा कळलं. बार्बीचं अंग कुणीतरी बघावं म्हणून उभं होतं, तेही आधार दिला तर.

भाऊ पहिल्यांदा चिडला, मग हसला, मग त्याला नथ पण लावू या म्हणून मागे लागला. आजीही रंगात आली. बालगंधर्वांचं नागठाणं आमच्याच जिल्ह्यातलं, आणि आजीच्या आईने त्यांची नाटकं बघितलेली. ते शालू कसा नेसतात, खांद्यावर पदर कुठे सोडतात, केसांत फुलं कशी माळतात हे बघायला बायका जायच्या आणि घरी येऊन तसंच करायच्या. तिची आईसुद्धा. पुढे मी वाचलं की सतराव्या-अठराव्या शतकात पॅरिसहून युरोपच्या राजवाड्यांत 'पँडोरा' नावाच्या बाहुल्या जायच्या, नव्या पद्धतीचे कपडे घालून, तिथल्या शिंप्यांनी बघून शिवावेत म्हणून. छापील मासिकं यायच्या आधीची ती मासिकंच. मला लगेच आजीची आई आठवली. पॅरिसकडे लाकडाची पँडोरा होती, आमच्याकडे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. बाईने कसं दिसावं हे महाराष्ट्र एका पुरुषाकडे बघून शिकला, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

वावगं वाटलं ते आमच्या अंगणात. संध्याकाळी शेजारचे एक काका आले, भावाच्या हातात नऊवारीतला ही-मॅन बघून मोठ्याने हसले आणि म्हणाले, "काय रे, बायल्या झालास काय?" आणखी दोघं-तिघं हसले. भाऊ सात वर्षांचा होता. तो काही बोलला नाही. ही-मॅन उचलून आत गेला आणि त्यानंतर कुठल्याच लग्नाला त्याने तो दिला नाही.

खेळण्यांच्या धंद्याला ही भीती पक्की ठाऊक होती. १९६४ साली अमेरिकेत हॅस्ब्रोने जी. आय. जो नावाचा सैनिक काढला. कपडे बदलता येणारा, सांध्यांत वाकणारा, म्हणजे सगळ्या बाजूंनी बाहुलाच. पण बाहुला म्हटला तर मुलगे घेणार नाहीत, म्हणून त्याला नाव दिलं 'ॲक्शन फिगर'. गंमत म्हणजे ही-मॅन आणि बार्बी दोघं एकाच मॅटेल कंपनीचे. एकाच घरातली भावंडं, एकीने सजायचं, दुसऱ्याने लढायचं. आमच्यासारखीच. मराठीत निदान 'बाहुला' हा सरळ शब्द होता, आणि त्याचं कामही ठरलेलं: लग्नात उभं राहायचं.

मी त्या सुट्टीत घरभर चवड्यांवर चालायचे. आई रागवायची, पोटऱ्या दुखायच्या, पण आरशासमोरून जाताना टाचा आपोआप वर व्हायच्या. डोळ्यातल्या काळ्या ठिपक्याला आपण बाहुलीच म्हणतो. समोरच्याच्या डोळ्यात वाकून बघितलं की तिथे आपण एवढेसे दिसतो, म्हणून असेल. त्या वयात मी ज्या डोळ्यांत बघत होते ते रंगवलेले होते, त्यात माझं काहीच दिसत नव्हतं, आणि तरी मी बघत होते.

गेल्या दिवाळीआधी भाचीसाठी बाहुली घ्यायला गेले. आता पुष्कळ बदललंय. २०१५ पासून काही बार्बींचा घोटा वाकतो, सपाट चप्पल घालता येते. २०१६ साली बुटकी, उंच आणि अंगाने भरलेली अशा तऱ्हा आल्या, २०१९ मध्ये चाकांच्या खुर्चीतली. २०२४ मध्ये मुंबईच्या अनिता डोंगरे यांनी सजवलेली दिवाळीची बार्बीही निघाली, लेहंग्यात. भारतीय म्हटलं की लेहंगा, हे आता आमच्या लग्नांतही मुरलंय, तेव्हा बाहुलीला काय बोल लावणार? नऊवारीतली मला अजून दुकानात दिसलेली नाही. मी एकेक खोकं उलटं धरून तळपाय बघत होते. विक्रेता मुलगा थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "मॅडम, किंमत मागे आहे."

घोटा वाकणारी घेतली. भाचीने तिला उभी केली, दोन मिनिटं बघितली आणि झाकणाच्या डब्यात आडवी झोपवून दिली. "दमलीय ती," म्हणाली.

मग दिवाळीच्या झाडलोटीत माळ्यावरची ट्रंक निघाली. माझी बार्बी होती, केसांचा चिकट गोळा झालेला. भाऊ शिडीवरून उतरला आणि त्याने आपलं जुनं दप्तर उघडलं. तळाशी ही-मॅन. पायांना धरून ठेवणारं आतलं रबर कुजलेलं, त्यामुळे दोन्ही पाय खुळखुळत होते. ते जागच्या जागी राहिले होते ते कासोट्यामुळे. इरकल विटलं होतं, पण गाठ आजीचीच, सुतळीची.

भाची म्हणाली, "बाबा, ही कोण?"

"ही नाही, हा," मी म्हटलं.

भाऊ पदर नीट करत होता. "असू दे," म्हणाला, आणि त्याने तो टीव्हीच्या टेबलावर ठेवून बघितला, उभा राहतोय का.