तुम्ही विचारलंत म्हणून: गोळी काळ्यात, तरी शून्य का?

"गोळी टार्गेटच्या मधल्या काळ्या गोलात लागली ना? मग शून्य कसं?" रायफलची मॅच संपली की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. शेजारच्या लेनच्या टार्गेटवर गेलेला शॉट, म्हणजे क्रॉसफायर, शून्य धरला की बाहेर उभ्या असलेल्या माणसाला अधिकारी निर्दय वाटतो. "नियमच तसा आहे" हे उत्तर देऊन सुटता येतं, पण ते उत्तर अपुरं आहे. म्हणून आज सविस्तर लिहितो.

मॅचमध्ये आम्ही अधिकारी नेम मोजतो असं तुम्हाला वाटतं. प्रत्यक्षात आमची बरीचशी मेहनत एकाच गोष्टीवर जाते: कोणता शॉट कुणाचा, कुठल्या लेनचा, कुठल्या वेळेचा, हे पक्कं करण्यावर. ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये नीलिंग (गुडघ्यावर बसून), प्रोन (पोटावर झोपून) आणि स्टँडिंग (उभ्याने) असे वीस-वीस शॉट आणि सगळ्याला मिळून दीड तास. त्याआधी तयारी आणि साइटिंगची, म्हणजे नेम जुळवण्याची, १५ मिनिटं. साइटर, म्हणजे नेम जुळवायचे शॉट, हवे तितके मारा, त्यांचे गुण धरत नाहीत. पण 'मॅच फायरिंग, स्टार्ट' झालं की प्रत्येक शॉट हिशेबात. पोझिशन बदलल्यावर पुन्हा साइटर मारता येतात, मात्र इलेक्ट्रॉनिक टार्गेट साइटिंगवर नेणं आणि परत मॅचवर आणणं ही नेमबाजाची जबाबदारी. ते साइटिंगवर न्यायचं राहिलं, की साइट (रायफलवरचं नेम धरायचं साधन) जुळवण्यासाठी मारलेले सात-आठ गुणांचे शॉट थेट स्कोअरमध्ये जाऊन बसतात. तिथेही लोक म्हणतात, "त्याचा हेतू वेगळा होता." हेतू नेमबाजासमोरच्या मॉनिटरवर उमटत नाही.

शॉट मारला आणि मॉनिटरवर काहीच आलं नाही, तर नेमबाजाने पुढचा शॉट न मारता लगेच रेंज ऑफिसरला बोलवायचं. इथे घाई करणारे स्वतःचंच नुकसान करून घेतात, कारण दुसरा शॉट गेल्यावर पहिल्याचा माग काढणं अवघड होतं. ऑफिसर वेळ टिपतो, शेजारच्या लेनवर त्याच सुमारास जादा शॉट पडलाय का बघतो आणि मग एक शॉट नेम धरून मारायला सांगतो. तो नीट दिसला तर यंत्र ठीक आहे. मग पहिला शॉट गेला कुठे हे शोधायला टार्गेटमागचा कागद, रबर, यंत्रातली नोंद, सगळं तपासलं जातं. शून्य लिहिण्याआधी एवढं झालेलं असतं.

आता क्रॉसफायर होतो कसा? ५० मीटरवर शेजारशेजारच्या टार्गेटांच्या मध्यांत साधारण सव्वा मीटर अंतर असतं. फायरिंग पॉइंटवरून ते दीड अंशापेक्षाही कमी भरतं. मागच्या साइटच्या बारीक छिद्रातून बघताना पुढच्या साइटची रिंग आणि तिच्यात बसलेला काळा गोल, एवढंच स्पष्ट दिसतं, आणि सगळे काळे गोल सारखेच. स्टँडिंगमध्ये विश्रांतीसाठी रायफल खाली घेतली, पाऊल जरा सरकलं, की शरीर आपसूक शेजारच्या टार्गेटकडे वळतं. हात स्थिर, श्वास जागेवर, ट्रिगर सफाईने सुटतो. सगळं बरोबर, फक्त टार्गेट दुसऱ्याचं.

अथेन्स ऑलिंपिक, २२ ऑगस्ट २००४. पुरुषांच्या थ्री पोझिशनची फायनल. त्या काळी पात्रता फेरीच्या गुणांत स्टँडिंगचे दहा शॉट मिळवत. अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स नऊ शॉटनंतर तीन गुणांनी पुढे होता. दोनच दिवस आधी प्रोनचं सुवर्ण त्याने उसन्या रायफलवर जिंकलं होतं. शेवटच्या शॉटला ७.२ पुरले असते. त्या पातळीवर ७.२ म्हणजे वाईट शॉट. तो दोन नंबरच्या लेनवर होता. शॉट सुटला आणि त्याच्या मॉनिटरवर काहीच आलं नाही. त्याने अधिकाऱ्यांना खुणावलं, मी मारलाय. त्यांनी टार्गेट तपासलं. शॉट तीन नंबरच्या टार्गेटवर सापडला, ऑस्ट्रियाच्या क्रिस्टियान प्लानरच्या. किंमत ८.१. म्हणजे गरजेपेक्षा जास्त. पण निकालात शून्य. १२५७.४ वर एमन्स थेट आठवा. चीनचा जिया झानबो १२६४.५ वर पहिला. बेरीज करून बघा: ८.१ धरले असते तर १२६५.५, एका गुणाने सुवर्ण. एमन्सने नंतर सांगितलं की एरवी तो आधी टार्गेटच्या वरचा नंबर बघून मग रायफल काळ्यावर उतरवतो. त्या शॉटला सगळं लक्ष स्वतःला शांत करण्यात गेलं.

हे वाचून तुम्ही जे म्हणाल, ते मीही पूर्वी म्हणायचो: शॉट त्याचाच होता हे सगळ्यांना माहीत होतं, मग द्या ना ८.१! नंतर मी उलट बाजूला गेलो आणि कागदी टार्गेटचं कारण सांगू लागलो. कागदावर दहाच्या जागी अकरा भोकं दिसली तर कुठलं कुणाचं हे कसं ठरवणार? म्हणून नियम असा, की क्रॉसफायर करणाऱ्याला शून्य, आणि ज्याच्या टार्गेटवर जादा भोक पडलं त्याचा शॉट ओळखता आला नाही तर संशयित भोकांतलं सर्वांत मोठं त्याच्या नावावर. चूक नसलेल्याला फायदा. कागदापुरतं ते कारण पक्कं होतं. पण इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर शॉटची वेळ नोंदवली जाते, त्यामुळे 'ओळखता येत नाही' हे कारण बहुतेक वेळा टिकत नाही, आणि ते मी आता देत नाही.

मग उरतं काय? शेजारचा नेमबाज. त्याच्या मॉनिटरवर अचानक त्याने न मारलेला ८.१ येतो. तो गोंधळतो, क्वचित तो शॉट आपलाच समजून नेम सरकवायला साइटचे क्लिकही फिरवतो. त्याची लय मोडते, वेळ जातो, आणि त्याची भरपाई कुठल्याच नियमात नाही. शिवाय आपलं टार्गेट ओळखणं हा नेम धरण्याचाच भाग आहे. साठ शॉटांपैकी तो एकच शून्य होतो, बाकीचे एकोणसाठ तसेच राहतात. इथवर मला नियम पटतो.

पण एका शॉटला दहा गुण जाणं आणि दोन गुण जाणं यात फरक आहे. मॅच शॉटला ठरलेल्या वेळेआधी सुरुवात केली तर पात्रता फेरीत दोन गुण कापतात. मग क्रॉसफायरलाही तेवढेच का नकोत? असं कुणी विचारलं की शेजाऱ्याची बाजू मी मांडतो, पण समोरच्याचं म्हणणं खोडून काढता येत नाही. नियम असा आहे तोपर्यंत स्टँडिंगला प्रत्येक विश्रांतीनंतर आधी वरचा नंबर, मग काळा. शेवटच्या शॉटलाही.