कस्तूर, डॉल्फिन आणि लाल यादी

पावसाळा लागला की ठोसेघर, बामणोली, कोयनेच्या ओढ्यांवर पहाटे शीळ ऐकू येते, ती शीळकरी कस्तूर या पक्ष्याची. कुंभार्ली घाट उतरून गुहागरच्या किनाऱ्याला लागलं, तर तिथल्या समुद्रात हंपबॅक डॉल्फिन आहे. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेची लाल यादी कोणत्या जातीला नामशेष होण्याचा किती धोका आहे ते सांगते. तीत कस्तूर 'कमी चिंते'च्या गटात, तर डॉल्फिन 'संकटग्रस्त'.

दोघंही पृष्ठवंशी, पण वर्गापाशीच वाटा फुटतात. कस्तूर पॅसेरिफॉर्मिस, म्हणजे फांदीवर बसणाऱ्या पक्ष्यांच्या गणातला, त्यातही गाणाऱ्या पक्ष्यांच्या उपगणातला. डॉल्फिन सस्तन, आज त्याला समखुरी प्राण्यांच्या गणात धरतात आणि व्हेल-डॉल्फिनांच्या गटाबाहेर पाणघोडा हा त्याचा सगळ्यात जवळचा जिवंत नातलग.

वर्गीकरण दोघांचंही बदललं, आणि खरी गंमत तिथेच आहे. जुन्या पुस्तकांत कस्तूर टर्डिडी, म्हणजे थ्रश पक्ष्यांच्या कुळात सापडेल. डीएनए तपासल्यावर तो मस्किकॅपिडी, म्हणजे माशीमार पक्ष्यांच्या कुळात गेला. कूळ बदललं, पण जात होती तेवढीच राहिली, त्यामुळे दर्जा हलला नाही. डॉल्फिनच्या बाबतीत जातच फुटली. आपल्याकडचा हंपबॅक आधी सूसा चायनेन्सिसमध्ये मोजला जायचा आणि २००८ च्या यादीत ती जात फक्त 'संकटसमीप' होती. २०१४ मध्ये हंपबॅकच्या चार जाती मानल्या गेल्या, आपला सूसा प्लंबिया ठरला. त्याचा वेगळा हिशेब मांडल्यावर तीन पिढ्यांत निम्मी किंवा त्याहून जास्त घट होत असल्याचा अंदाज निघाला. चीनपर्यंतच्या डॉल्फिनांच्या बेरजेत हे झाकलं गेलं होतं. म्हणून जुनी यादी वापरताना नावापुढचं वर्ष आधी बघावं.

घट का होते, तेही जगण्यातच आहे. हा डॉल्फिन किनाऱ्यालगतचं उथळ पाणी सोडत नाही, आणि मासेमारीची जाळी, बंदरं, सांडपाणी सगळं तिथेच. जाळ्यात अडकला की श्वास घ्यायला वर येता येत नाही, गुदमरून मरतो. मादीला एका वेळी एकच पिल्लू, तेही काही वर्षांच्या अंतराने. कस्तूर कपारीत, धबधब्याच्या आडोशाला, कधी घराच्या वळचणीलाही घरटं करतो, दोन ते चार अंडी घालतो. खेकडा सापडला की दगडावर आपटून खातो.

तरी 'कमी चिंता' हा शेरा सगळ्या जातीला असतो, एखाद्या ओढ्याला नाही. झऱ्याचं पाणी पाइपने वळवलं, तर तिथला कस्तूर जातोच. आणि लाल यादी म्हणजे कायदा नव्हे: वन्यजीव संरक्षण कायद्यात डॉल्फिन अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, पण कस्तूर पकडून पिंजऱ्यात ठेवणं हाही गुन्हाच आहे.