चार सेंटिमीटर, चोवीस प्लेट्स

"कंबर जरा सैल करायचीय ताई. कापड तर भरपूर आहे ना आत," म्हणत तिने स्कर्ट टेबलावर ठेवला. गर्द हिरवी लोकर, तिच्या आईचा स्कर्ट. कापड आत भरपूर होतंच. प्लेट्सच्या, म्हणजे शिवून बसवलेल्या चुण्यांच्या, कपड्याबद्दल लोकांची नेहमी इथेच गल्लत होते. आत दडलेलं कापड त्यांना शिल्लक वाटतं. ते शिल्लक नसतं, त्याच्या जोरावर तर प्लेट पडते.

माप घेतलं. सीट, म्हणजे कमरेखालचा सगळ्यात रुंद घेर, ९६ सेंटिमीटर, कंबर ७२, प्लेट्स २४, सगळ्या एकाच दिशेला वळलेल्या. सीटवर प्रत्येक प्लेट वरून ४ सेंटिमीटर आणि तिच्या पोटात ८, म्हणजे घेराला २८८ सेंटिमीटर कापड. कमरेशी हीच प्लेट ३ सेंटिमीटरची होते, कारण वर जाताना प्रत्येक घडी शेजारणीवर थोडी थोडी जास्त चढत जाते. आता कंबर हवी होती ७६. चार सेंटिमीटर चोवीस जणींत वाटले की एकीच्या वाट्याला दीड-पावणेदोन मिलिमीटर येतात. खडूची रेघच तेवढी जाड असते.

आमच्या शिवणाऱ्यांतला एक जण म्हणाला, मागे इलॅस्टिक घाल. इलॅस्टिकने कापड गोळा होतं आणि प्लेटची धार मरते, हे त्याला माहीत आहे. तरी प्रत्येक वेळी हेच सुचवतो. एकच प्लेट सोडायची म्हटलं तर सगळी वाढ एका बाजूला दिसते. मी चोवीसही उसवायला घेतल्या.

सीटपर्यंतची शिलाई हाताची निघाली. सगळे टाके आतून, वरून एकही दिसत नव्हता. कापडाचे दोन पन्हे जोडलेले होते आणि जोड बाराव्या-तेराव्या प्लेटच्या मध्ये, नेमका आतल्या घडीत लपवलेला. कुणी शिवला होता देव जाणे, पण घाईत शिवलेला नव्हता.

पहिली घडी जरा मागे घेतली आणि खाली काळपट हिरवी पट्टी दिसली. बाहेरचं कापड उजेडाने विटलं होतं, झाकलेल्याचा रंग तसाच होता. घडी सरकेल तिथे कमरेशी गडद कड दिसणार, सीटकडे निमुळती होत संपणार. मी हात थांबवला आणि तिला फोन लावला. "चालेल," ती म्हणाली, "पण परवा संध्याकाळी हवाय."

खडू बाजूला ठेवला आणि पांढऱ्या दोऱ्याचे सैल टाके घालून खुणा केल्या. एकेक प्लेट मोजत गेलं की केसभर चूक चोवीस वेळा साठत जाते. म्हणून आधी कमरेचे चार भाग पाडले. सहा प्लेट्सना बरोबर १९ सेंटिमीटर. ती हद्द पक्की करायची, मग आतल्या सहा आपसात जुळवायच्या. कच्ची टीप, प्रत्येक घडीखाली कागदाची पट्टी, वर ओलं फडकं, वाफ. आणि कापड पूर्ण थंड होईपर्यंत उचलायचं नाही. गरम लोकर हलवली की धार गेलीच.

गडद कडा वाटल्या होत्या तेवढ्या डोळ्यांवर आल्या नाहीत. शेजारच्या घडीच्या सावलीसारख्या वाटतात.

तेरावी मात्र मिटेना. बाकीच्या सरळ पडल्या, हिचं तोंड खाली बोटभर उघडं. जोडाचं दुहेरी कापड जुन्या उताराला सरावलं होतं आणि मी तो उतार बदलला होता. कमरेतून आतली घडी किंचित वर उचलून पाहिली. फट कमी झाली, गेली नाही. नीट करायची तर खालचा दुमड आणि जोड दोन्ही उसवून नव्या उतारावर शिवायला हवेत.

तिच्याकडे आणखी एक दिवस मागितला. तिला त्याच संध्याकाळी तो घालायचा होता. तिने घालून पाहिला, बसली, उठली, प्लेट्सवरून हात फिरवला. तेरावी मी दाखवली. "ही? मला तर कळतही नाहीये," म्हणाली आणि घेऊन गेली.

निवांत झालीस की परत आण, असं सांगून ठेवलंय. पण आणला तरी तो जोड उसवायला माझा हात धजावेल का, ते अजून ठरत नाही.