तुम्ही विचारलंत म्हणून: ते सहा किलोमीटर

दरवर्षी २७ नोव्हेंबरला मी व्हॉट्सअॅप स्टेटसला राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातल्या सत्येंद्र दुबे या इंजिनिअरचा फोटो ठेवतो आणि दरवर्षी कोणीतरी विचारतंच, हा तुमचा कोण, बिहारचा माणूस, कधी भेटला तरी होता का. नाही भेटला. आमच्या रिटायर्ड इंजिनिअरांच्या ग्रुपवर तर गेल्या वर्षी एकाने सरळ लिहिलं की अहो, कोर्टाने लुटमारीची केस म्हणून निकाल दिला, तुम्ही अजून काय शहीद शहीद धरून बसलाय. तेव्हा मी गप्प बसलो, पण ते मनातून गेलं नाही. आता लिहितोय.

सुवर्ण चतुष्कोन हा महामार्गांचा प्रकल्प, झारखंडातल्या कोडर्म्याचं त्यातलं काम, तिथल्या भ्रष्टाचाराबद्दल पंतप्रधानांना पाठवलेलं पत्र, नाव गुप्त ठेवा म्हणून केलेली विनंती आणि तरी नावासकट टेबलाटेबलावर फिरलेला तो कागद, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. २७ नोव्हेंबर २००३ ला वाराणसीहून लग्न आटोपून पहाटे गयेला उतरला, न्यायला येणारी गाडी आली नाही, रिक्षा केली आणि वाटेत गोळी घातली. तीस वर्षांचा होता. माझ्याहून बराच लहान, म्हणून मी अरेतुरे करतो, त्यात कमीपणा नाही.

२०१० ला पाटण्याच्या कोर्टाने तिघांना जन्मठेप दिली, लुटताना मारलं असं धरून. मला ते पटत नाही. पण समजा खरंच तसं असेल, तरी माझा फोटो खाली येणार नाही, कारण मी तो त्याच्या मरणासाठी ठेवतच नाही. मी ठेवतो त्या सहा किलोमीटरसाठी.

त्याने कंत्राटदाराला खराब झालेला सहा किलोमीटर रस्ता पुन्हा करायला लावला होता आणि त्यांच्या तीन इंजिनिअरांना कामावरून बाजूला करायला लावलं होतं. पेपरात ही एक ओळ असते, पुढे लगेच खुनाची बातमी सुरू होते. पण ज्याने साइटवर दिवस काढलेत त्याला विचारा सहा किलोमीटर काढायला लावणं म्हणजे काय. दाबलेला थर उखडायचा, माल बाहेर टाकायचा, नवीन माल आणायचा, पाणी मारायचं, परत रोलर, परत टेस्ट, आणि तोवर रोज मशिनरीचं भाडं चढतंय, वरून फोन येतायत, प्रोग्रेस का थांबली म्हणून खुलासा मागतायत, आणि तुमच्या बाजूने बोलायला एक माणूस नाही. पत्र लिहायला एक रात्र पुरते हो. हे असं महिनोनमहिने उभं राहावं लागतं.

आता माझं सांगतो.

त्याच वर्षीचा, २००३ चा मार्च. एका रस्त्याचं रुंदीकरण, सगळी काळी माती. काळ्या मातीत डांबराखालचा खडी-मुरुमाचा थर, आम्ही जीएसबी म्हणतो, तोच जीव असतो रस्त्याचा, पाणी त्यातून निघून गेलं नाही तर माती फुगते, मग आकसते, आणि वर कितीही चांगलं डांबर टाका, ते बसतंच. डिझाइनला २०० मिलिमीटर होता. रनिंग बिल, म्हणजे झालेल्या कामाचं टप्प्याटप्प्याने निघणारं बिल, अडकलं होतं, कंत्राटदाराचा माणूस सकाळपासून जीप लावून उभा. मला डोळ्यांनाच थर पातळ वाटला म्हणून खड्डा घ्यायला सांगितलं. एक म्हातारे मजूर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे, त्यांनी पहारीने कड सरळ कापली, हाताने माती साफ केली आणि मी वाकून पट्टी लावली. आकडा वाचला. पट्टी काढून परत लावली. मामा म्हणाले, "सायेब, हितं कमी भरतंय." दुसरीकडे घेऊ का म्हणाले. मी म्हटलं, नको.

मी नको का म्हटलं हे मला माहीत आहे. दुसऱ्या खड्ड्यात पण कमीच निघणार होतं.

साहेबांना फोन केला. ते ओरडले नाहीत, धमकी नाही, काही नाही, उलट फार मायेने बोलले, मार्चएंड आहे, फंड लॅप्स होईल, पुढच्या थरात आपण मेकअप करून घेऊ, एमबी लिहून टाका. एमबी म्हणजे झालेल्या कामाची मोजमापं नोंदवायची वही. मी जीपच्या बॉनेटवर एमबी ठेवून लिहिली. मामांनी तोवर खड्डा बुजवला, पायाने दाबला. मेकअप कधीच झाला नाही. दुसऱ्या पावसाळ्यात तिथे चाकोऱ्या पडल्या आणि पाणी साचायला लागलं.

२००३ च्याच नोव्हेंबरात दुबेची बातमी आली आणि त्यात ते सहा किलोमीटर वाचले.

बरीच वर्षं मी स्वतःला समजावलं की तो आयआयटीवाला, त्याला कुठेही नोकरी मिळाली असती, मी डिप्लोमावाला, मुलगी दहावीला, बदली परवडली नसती. मग कळलं त्याचे वडील साखर कारखान्यात कारकून होते. माझे एसटीत कंडक्टर. म्हणजे तेही कारण गेलं. तरी तेव्हाचा मी अजून भांडतो माझ्याशी, म्हणतो तू सही केली नसतीस तर दुसऱ्याने केली असती, रस्ता तसाच झाला असता. हे खोटं नाही. आणि दुबेचं बघून कोणाला हिंमत यावी तर व्हिसलब्लोअरांचा, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ ला मंजूर होऊनही सरकारांनी तो वर्षानुवर्षं लागूच केला नाही, मग साइटवरच्या पोराला मी कोणत्या तोंडाने सांगू की नडून बघ? एका ज्युनियरने मला हेच विचारलं होतं, काका, तुम्ही असता तर काय केलं असतं. मी विषय बदलला.

तर तो माझा कोण, याला माझ्याकडे धड उत्तर नाही. नातं लावायचा अधिकार मला आहे असंही वाटत नाही. पण फोटो राहणार. आणि तुमच्यापैकी कोणी विचारलं नाही तरी, एमबीत मी २०० लिहिलंय. खड्ड्यात १४० होतं.