आमची वाटचाल: पाऊस सरल्यावरचा सातारा

सुरुवातीला आमचा धंदा म्हणजे लग्नाची वऱ्हाडं आणि पुणे विमानतळाच्या फेऱ्या. भाद्रपद लागला की मात्र वेगळे फोन यायचे. "दादा, कासला जायचंय, गाडी मिळेल का?" गाडी मिळायचीच, पण पुढची यादी ऐकून आमचे ड्रायव्हर हसायचे: कास, ठोसेघर, महाबळेश्वर, प्रतापगड आणि रात्री परत घरी! त्या यादीला कात्री लावणं हाच पुढे आमचा खरा धंदा झाला. काही गिऱ्हाइकं रागावून दुसरीकडे गेली. जाऊ देत.

आता या दिवसांतली सहल आम्ही किमान दोन दिवसांचीच घेतो. पहिली सकाळ कासची. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून साधारण २५ किलोमीटर. उजाडताच निघायचं, नाहीतर शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते. २०१२ साली कासचं नाव जागतिक वारशात गेलं, तेव्हापासून गर्दी वाढतच गेली. पठारावर रोज किती जणांना सोडायचं यालाही मर्यादा आहे. म्हणून आधी प्रवेशाचं ऑनलाइन आरक्षण, मग गाडीचं.

लोक गुलाबी तेरडा बघून खूश होतात. आमचे ड्रायव्हर त्यांना पायवाटेच्या कडेला उकिडवं बसायला लावतात. जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर, त्यात झिरपलेलं पाणी आणि तिथेच सीतेची आसवं, निळी-जांभळी, नखाएवढी. ही वनस्पती कीटकभक्षी. माती निकस, म्हणून ती बारीक जीव पकडून भूक भागवते. तिचे सापळे ओल्या मातीत दडलेले असतात. उभ्या-उभ्या फोटो काढणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

तिथून उतरून बामणोली, शिवसागरात बोटीची एक फेरी, आणि त्या दिवशी बस्स. दुसऱ्या दिवशी सज्जनगड, ठोसेघर आणि चाळकेवाडीच्या पवनचक्क्या. तिन्ही एकाच रस्त्यावर, उलटसुलट धावाधाव नाही.

दसऱ्यानंतरही फुलांसाठी फोन येतात. आम्ही सरळ सांगतो, फुलं सरली, गवत पिवळं पडतंय. टोपली कारवी तर सात वर्षांनी फुलते, तिचा शब्द आम्ही कुणालाच देत नाही. त्यापेक्षा वाईला चला. मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट बघून पसरणी घाटाने पाचगणी, महाबळेश्वर. येताना केळघर घाटाने मेढा. पायात जोर असेल तर वासोटा, पण त्याला बोट आणि वनखात्याची परवानगी दोन्ही लागतात.

हल्ली दिवाळीनंतर ज्येष्ठांचे गट जास्त येतात. त्यांच्यासाठी मिनीबस घ्यावी का, यावर घरात वाद चालू आहे. "घाटात ती वळवताना घाम फुटेल," असं आमचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर आबा म्हणतात. आणि चालवणार तेच आहेत.