पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचं?

वॉर्ड ऑफिससमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. वीस रुपयांत फॉर्मही भरून देतो. गेल्या जूनमध्ये, पाऊस नुकताच लागला होता तेव्हा, एक बाई आली. बरोबर दोन पोरं, हातात साडीच्या दुकानाची पिशवी, त्यात घरातले सगळे कागद. आधार कार्डाच्या लॅमिनेशनमध्ये कडेनं पाणी शिरलं होतं आणि नाव फुगून बसलं होतं.

"भाऊ, पत्त्यात काय लिवायचं? आमी तर ब्रिजखाली ऱ्हातो."

नवरा सेंट्रिंगच्या कामावर पडला, पाय मोडला. गोवंडीतल्या खोलीचं भाडं डिपॉझिटमधून वळतं होत गेलं. डिपॉझिट संपलं, करारही संपला.

मी तिला समोर पाठवलं. तिथल्या एका खिडकीवर सांगितलं, "रहिवासी पुरावा आणा." पुरावा असता तर बाई तिथं कशाला गेली असती! पण शहाणपणा मी तरी काय करणार, कुणाला भेटायचं ते मलाही ठाऊक नव्हतं. घर सुटलेल्या कुटुंबानं कुठं जायचं, काय विचारायचं, याबद्दल नंतर चार ठिकाणी विचारून जे कळलं, ते इथं टाकतो.

खिडकीवर उभं राहू नका, समाज विकास अधिकारी कुठं बसतात ते विचारा. 'बेघर निवारा केंद्र' हे शब्द वापरा. जागा पालिकेची, चालवणारी बहुतेकदा एखादी संस्था. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं होतं की मोठ्या शहरांत दर एक लाख वस्तीमागं एक निवारा हवा, आणि तो नुसता थंडीपुरता नको, बारा महिने चोवीस तास. म्हणजे मुंबईच्या सव्वा कोटीला सव्वाशेच्या आसपास. तेवढे कधीच झाले नाहीत, म्हणून एका ठिकाणी 'जागा नाही' ऐकलं की लगेच दुसऱ्याचं नाव विचारायचं.

आणि पहिला प्रश्न हा: कुटुंबाला एकत्र ठेवता का? इथंच आम्ही फसलो. पहिल्या केंद्रात आई आणि धाकटी मुलगी घेतली. मुलगा चौदाचा, त्याला बापाबरोबर पुरुषांच्या केंद्रात जायला सांगितलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिसऱ्या दिवशी बाई परत दुकानात. "ब्रिजखाली चौघं संगं तरी व्हतो." मला तिला दोष देता येईना. कुटुंबांसाठीच्या केंद्रात जागा मिळायला आणखी अकरा दिवस गेले, आणि ते सगळे दिवस पावसाचे.

मधल्या काळात एक गोष्ट मात्र सोपी निघाली. रेशन कार्ड जालन्याचं होतं, पण प्राधान्य कुटुंबाचं, म्हणजे सरकारी धान्य मिळणारं. अंगठा लागला की धान्य मुंबईतल्या दुकानातही मिळतं. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं, ती दोन वर्षं बाजारभावानं गहू घेत होती. शाळेचंही तसंच. आधीच्या शाळेचा दाखला यायचाय म्हणून पहिली ते आठवीच्या वयाच्या मुलाला परत पाठवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे.

आधारवरचा पत्ता बदलायला ठरलेल्या नमुन्यात दाखला लागतो, त्यावर मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाची सही चालते. मतदार यादीचं तर मला नवलच वाटलं. बेघर माणसानं नाव नोंदवायच्या फॉर्म ६ मध्ये झोपायची जागा लिहायची. मग बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी, रात्री तिथं येऊन बघतो, तेही एकाहून जास्त रात्री. माणूस तिथं झोपलेला दिसला की पत्त्याचा वेगळा पुरावा मागायचा नाही.

पोरं एकटी असतील तर १०९८, बाईला घरातून काढलं असेल तर १८१. हे दोन नंबर मी काउंटरच्या काचेवर चिकटवलेत. म्हाडाची सोडत, पंतप्रधान आवास वगैरे लोक विचारतात, पण त्याला डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला आणि हाताशी पैसे लागतात. आज रात्री पाठ टेकायला त्याचा उपयोग नाही.

गणपतीच्या आधी बाई पुन्हा आली. नव्या आधारवर केंद्राचा पत्ता होता. तिनं लॅमिनेशन करायला दिलं आणि मशीनपाशी वाकून म्हणाली, "भाऊ, यंदा कडा नीट दाबा."