घरच्या संगणकाचा रिकव्हरी पेनड्राइव्ह: तयार करणे आणि पडताळून पाहणे

घरचा संगणक सुरळीत चालू असतानाच त्याच्या दुरुस्तीचा पेनड्राइव्ह तयार करून ठेवावा, असे मी ओळखीच्या सर्वांना आग्रहाने सांगत असतो. विंडोज सुरूच होत नसेल, तरी ज्याच्या आधाराने संगणक चालू करून पुढची दुरुस्ती करता येते, असे हे बाहेरचे साधन आहे. कोथरूडमधील आमच्या सोसायटीत हा विषय निघाला, तेव्हा एका निवृत्त प्राध्यापकांनी रास्त प्रश्न विचारला, "अहो, कंपनीने रिकव्हरी आतच घालून दिलेली असते ना? मग हे वेगळे कशाला?" त्याचे उत्तर सविस्तर द्यावे म्हणून हे लिहीत आहे. त्याच्या जोडीला एक आग्रहाचा मुद्दाही मांडायचा आहे: ज्या पेनड्राइव्हवरून आपला संगणक एकदाही सुरू करून पाहिलेला नाही, तो तयार झाला असे मी मानत नाही.

संगणकात अंगभूत असलेली दुरुस्तीची व्यवस्था, म्हणजे विंडोज रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट, ही बहुधा त्याच डिस्कवरच्या एका छोट्या, नजरेआड ठेवलेल्या पार्टिशनमध्ये, म्हणजे वेगळ्या कप्प्यात, असते. विंडोज लागोपाठ काही वेळा सुरू होऊ शकले नाही, तर ती आपोआप समोर येते आणि किरकोळ बिघाडात ती पुरतेही. परंतु एसएसडी, म्हणजे संगणकातील साठवणुकीची डिस्कच, बंद पडली किंवा पार्टिशनची नोंदच बिघडली, तर ही व्यवस्थाही डिस्कबरोबरच हातची जाते. डिस्क धडधाकट असूनही ती निरुपयोगी कशी ठरू शकते, हे ऑक्टोबर २०२५मध्ये दिसले. त्या महिन्याच्या १४ तारखेला आलेल्या विंडोज ११च्या मासिक अपडेटनंतर रिकव्हरीच्या पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. नेहमीच्या विंडोजमध्ये मात्र दोन्ही व्यवस्थित चालत असल्यामुळे, प्रत्यक्ष गरज पडेपर्यंत हा दोष लक्षात येण्यासारखा नव्हता. मायक्रोसॉफ्टने २० ऑक्टोबरला त्यावरची दुरुस्ती दिली, पण मधल्या दिवसांत ज्यांच्याजवळ आधी तयार केलेला रिकव्हरी पेनड्राइव्ह होता, त्यांना त्यातील जुनी, निर्दोष प्रत वापरण्याचा मार्ग खुला होता.

पेनड्राइव्ह दोन प्रकारचे असतात आणि त्यांतला फरक नीट समजून घेतला पाहिजे. विंडोजमधील 'रिकव्हरी ड्राइव्ह' या साधनाने केलेला पेनड्राइव्ह त्या विशिष्ट संगणकावरून तयार होतो. 'बॅक अप सिस्टिम फाइल्स' या पर्यायावरची खूण कायम ठेवली, तर त्यात विंडोजच्या फाइलींबरोबर संगणक बनवणाऱ्या कंपनीने घातलेले ड्रायव्हरही (संगणकाचे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम) येतात. त्याला किमान १६ जीबी जागा लागते आणि मी ३२ जीबीचा घेणे पसंत करतो. दुसरा प्रकार मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने केलेल्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हचा. तो ८ जीबीत मावतो, संगणक बंद पडल्यानंतर दुसऱ्या कोणाच्या संगणकावरही तयार करता येतो, आणि त्यात नव्याने विंडोज घालण्याबरोबरच दुरुस्तीचा पर्यायही असतो. शक्य असेल तर दोन्ही करावेत, आणि एकच करायचा असेल तर पहिला, कारण दुसरा नंतरही मिळवता येतो.

पेनड्राइव्ह बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सहज मिळतात. कोठूनही घेतला, तरी त्यावर लिहिलेली क्षमता खरी आहे का, हे आधी तपासावे. पूर्ण जागा भरून ती पुन्हा वाचून पाहणारी मोफत साधने त्यासाठी उपलब्ध आहेत. तयार करण्याचे काम स्वतःहून होते. शोधपट्टीत 'रिकव्हरी ड्राइव्ह' असे इंग्रजीत टंकावे, ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी द्यावी, पेनड्राइव्ह निवडावा आणि थांबावे. पेनड्राइव्हवरील पूर्वीचा सगळा मजकूर यात पुसला जातो, त्यामुळे लग्नाचे फोटो असलेला जुना पेनड्राइव्ह या कामाला घेऊ नये. सिस्टिम फाइलींसह हे काम तासभर किंवा अधिकही चालू शकते. ज्या डेस्कटॉपला यूपीएस नाही, त्यावर ते गुरुवारी हाती घेऊ नये, कारण पुण्यात वीजदुरुस्तीसाठी बहुधा गुरुवारीच वीज बंद असते. मध्येच वीज गेली तर संगणकाला अपाय होत नाही, पण पेनड्राइव्ह अर्धवट राहतो आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते.

यानंतरचा टप्पा, म्हणजे पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून पाहणे, बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. मात्र त्याआधी बिटलॉकर या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या व्यवस्थेची रिकव्हरी की हाताशी हवी. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये, होम आवृत्ती असली तरीही, मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यावर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात कुलूपबंद) होते, आणि विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून हे अधिक सर्रास झाले आहे. आपली डिस्क एन्क्रिप्ट झाली आहे, हे कित्येक घरांत कोणालाच माहीत नसते. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केल्यावर डिस्कवरच्या फाइलींपर्यंत पोहोचायचे झाले, की हीच की विचारली जाते. ती ४८ अंकी असते आणि सहा-सहा अंकांच्या आठ गटांत लिहिलेली असते. साधारणपणे ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली सापडते. परंतु खात्याचा पासवर्ड त्याच बंद पडलेल्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये असेल, तर त्या साठवणुकीचा काय उपयोग? म्हणून की कागदावर उतरवून घ्यावी, सोबत तिच्या ओळख क्रमांकाची पहिली आठ अक्षरे लिहावीत म्हणजे कोणत्या संगणकाची कोणती हे कळते, आणि तो कागद बँकेच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा. लॅपटॉपच्या पिशवीत तो ठेवू नये. जुलै २०२४मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले, तेव्हा दुरुस्ती म्हणजे एक फाइल काढून टाकणे एवढीच होती. तरीही अनेक कार्यालयांत काम अडले, कारण प्रत्येक एन्क्रिप्ट केलेल्या संगणकाची की शोधून ती हाताने टंकावी लागत होती. ते संगणक कार्यालयांतले होते, पण घरच्या संगणकालाही तोच नियम लागू आहे.

की हाती आल्यावर संगणक बंद करून पेनड्राइव्ह लावावा आणि सुरू करताना बूट मेनूची, म्हणजे संगणक कशावरून सुरू करायचा ते निवडण्याच्या यादीची, कळ दाबावी. डेल आणि लेनोव्होवर ती सहसा एफ१२ असते, एचपीवर एफ९, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ१२ चालते, पण काही मॉडेलांत तो मेनू आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) चालू करावा लागतो, आणि हे संकटाच्या वेळी कळण्यापेक्षा आज कळलेले बरे. कळ सापडेना, तर चालू विंडोजमध्ये शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट निवडावे आणि 'युज अ डिव्हाइस' या पर्यायाने पेनड्राइव्ह निवडावा. पडताळणीला हा मार्ग चालतो, परंतु विंडोज बंद पडल्यावर तो उपलब्ध नसेल, म्हणून खरी कळ शोधून लिहून ठेवावीच.

दुरुस्तीचा पडदा आला, कीबोर्ड आणि माउस चालले, म्हणजे अर्धे काम झाले. उरलेला अर्धा प्रश्न असा की, या पेनड्राइव्हला संगणकातील डिस्क दिसते का? इंटेलच्या अकराव्या आणि त्यापुढच्या पिढ्यांच्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क व्हीएमडी नावाच्या व्यवस्थेमागे जोडलेली असते आणि तिचा ड्रायव्हर नसेल, तर इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हला डिस्क दिसतच नाही. पडद्यावर रिकामी यादी पाहून डिस्क जळाली असा समज होतो आणि माणूस विनाकारण नवी डिस्क आणायला निघतो. पडताळण्यासाठी कमांड प्रॉम्प्ट ही आदेश टंकण्याची खिडकी उघडून डिस्कपार्ट हे डिस्क हाताळणारे साधन सुरू करावे, 'लिस्ट डिस्क' एवढाच आदेश द्यावा, यादीत आपल्या डिस्कची क्षमता दिसते का ते पाहावे आणि 'एक्झिट' करावे. डिस्कपार्टमध्ये याव्यतिरिक्त काहीही टंकू नये, कारण त्यातील काही आदेश क्षणात डिस्क रिकामी करतात. डिस्क दिसली नाही, तर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून, उलगडून, त्याच पेनड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवावा. इन्स्टॉलेशनच्या वेळी 'लोड ड्रायव्हर' म्हणून तो दाखवता येतो.

पडताळणी करताना पडद्यावरचा 'रिकव्हर फ्रॉम अ ड्राइव्ह' हा पर्याय मात्र निवडू नये. त्याचे नाव सौम्य आहे, पण तो विंडोज नव्याने घालतो आणि आपल्या फाइली व आपण घातलेले प्रोग्राम काढून टाकतो. रिकव्हरी पेनड्राइव्हमध्ये आपले फोटो, सोसायटीचे हिशेब, मुलांचे प्रकल्प यांतले काहीही नसते. त्यांची प्रत वेगळ्या बाह्य डिस्कवर नियमित घ्यावीच लागते. ती प्रत घेतलेली नसेल आणि विंडोज सुरू होत नसेल, तर आधी फाइली वाचवाव्यात आणि दुरुस्ती नंतर करावी. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नोटपॅड' असे इंग्रजीत टंकून त्याच्या फाइल उघडण्याच्या चौकटीतून, 'ऑल फाइल्स' निवडल्यावर, फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी करता येतात. फाइली थोड्या असतील तर हे पुरते. जास्त असतील तर उबुंटू या मोफत लिनक्स प्रणालीच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करणे अधिक सोयीचे, कारण तो डिस्कवर काही न घालता चालतो आणि विंडोजच्या फाइली वाचू शकतो. एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कसाठी तेथेही तीच ४८ अंकी की लागते.

एकदा केलेला पेनड्राइव्ह कायमचा पुरत नाही, आणि सध्याच्या काळात तर नाहीच. सिक्युअर बूटची, म्हणजे केवळ विश्वासार्ह डिजिटल सहीच्या प्रोग्रामनेच संगणक सुरू होऊ देणाऱ्या व्यवस्थेची, २०११ सालची प्रमाणपत्रे जून २०२६पासून मुदतबाह्य होऊ लागतात आणि त्यांच्या जागी २०२३ची येत आहेत. मुदत संपली म्हणून जुना पेनड्राइव्ह त्याच दिवशी निकामी होत नाही. परंतु २०२३मध्ये उघडकीस आलेल्या ब्लॅकलोटस या बूटकिटला (विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या घातक प्रोग्रामला) आळा घालण्यासाठी जुने बूट मॅनेजर, म्हणजे विंडोज सुरू करून देणारे प्रोग्राम, रद्द ठरवण्याची सोय करण्यात आली आहे, आणि ती एखाद्या संगणकावर लागू झाली की जुन्या सहीचा पेनड्राइव्ह तेथे सिक्युअर बूट चालू असताना सुरू होत नाही. म्हणून वर्षातून एकदा, शिवाय विंडोजची मोठी आवृत्ती बदलल्यावर, तो नव्याने करावा आणि दर वेळी वरची पडताळणीही पुन्हा करावी. पेनड्राइव्हला दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर मी संगणकाचे मॉडेल, बूट मेनूची कळ आणि शेवटच्या पडताळणीची तारीख लिहितो. तयार केल्याची तारीख मी मुद्दाम लिहीत नाही, आणि बिटलॉकरची की त्या चिठ्ठीवर कधीही लिहीत नाही.